धोंडुबाईच्या शाळवातली पाखरं

"साडेनऊ म्हंजे साडेनऊ," इस्त्री केलेला सदरा पिशवीत भरता भरता निशिगंधानं चौथ्यांदा सांगितलं. "नऊ एकतीसला दादाच्या दारात दिसला न्हाईसा, तर पुढं त्या पाखरांच्याच घरात राहायला जावा. मी न्हाय बोलवायला येणार."

"नवाला हजर असतो," धैर्यशील म्हणाला. तो जमिनीवर मांडी घालून कॅमेऱ्याचं लांबलचक भिंग मऊ फडक्यानं पुसत होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला निशिगंधा दिसतच नव्हती. भिंगाच्या निळसर काचेत त्याला एक पाखरू दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, कबनूरला निशिगंधाच्या भावाच्या घरी साखरपुडा होता. भाऊ विश्वजित, त्याची मुलगी अनुजा. विश्वजितनं इचलकरंजीतला एक फोटोग्राफर जवळजवळ ठरवला होता, पण निशिगंधानं फोनवरूनच त्याला उडवून लावलं. "घरात हत्तीच्या सोंडेगत कॅमेरा असताना बाहेरचा माणूस कशाला रं? आमचे हे काढत्यात की." आमच्या ह्यांनी आजवर एकाही माणसाचा फोटो काढलेला नव्हता, ही गोष्ट तिनं सांगितली नाही. आमच्या ह्यांनीही ती काढली नाही. कारण कबनूरला जायच्या वाटेवरच, हातकणंगल्याच्या पलीकडच्या माळाला, लाल डोक्याचा भारीट दिसल्याची बातमी त्याच्या कानावर आली होती.

धैर्यशील साळोखे शिवाजी पेठेत राहायचा आणि पाणीपट्टीच्या तक्रार-खिडकीवर बसायचा. अठरा वर्षं तो त्या खिडकीत होता. दिवसभर समोरून लोक ओरडायचे. अठरा वर्षांत त्यानं तीन वाक्यं कमावली होती. "तुमचं म्हणणं लक्षात आलं." "नोंद झाली." "बघून घेतो." ही तीन वाक्यं तो अशा काही मऊ आवाजात म्हणे, की समोरचा माणूस बिल कमी न होताही समाधानानं घरी जाई. दोन तक्रारींच्या मधे जी रिकामी जागा उरे, तिच्यात तो पाखरं बघायचा. खिडकीत पाखरं नव्हती, पण त्याला दिसायची.

पेठेत त्याच्या ह्या छंदाचं कौतुक नव्हतं. फुटबॉलच्या सामन्याला सगळी गल्ली मैदानाकडं पळायची तेव्हा हा गच्चीवर उभा राहून घारींकडं भिंग रोखायचा. "साळोख्यांचा धैर्या कुठल्या पार्टीचा रं?" असं कुणी विचारलं, तर "घारींच्या" असं उत्तर मिळायचं.

भारीट म्हणजे चिमणीएवढं पाखरू. काळ्या डोक्याचे, हळदीच्या पोटाचे भारीट दर हिवाळ्यात हजारोंनी शाळवाच्या, म्हणजे हिवाळी ज्वारीच्या, रानात उतरतात. त्यांचे फोटो धैर्यशीलकडं होते. पण त्यांच्या थव्यात क्वचित एखादा लाल डोक्याचा असतो. त्याचं घर फार लांब, बर्फाच्या डोंगरांच्या पलीकडं, वाळवंटाच्या कडेला. तिथं वाळूत उगवलेल्या काटेरी झुडपाच्या शेंड्यावर बसून तो गातो. इकडं पाहुणा म्हणून येतो तेव्हा बहुधा गप्पच असतो. हे धैर्यशीलनं वाचलं होतं, आणि वाचल्यापासून त्याला त्या पाखराविषयी एक आपुलकी वाटू लागली होती. आपणही घरी गप्प असतो, असं त्याला वाटायचं. फक्त आपलं वाळवंट कुठलं, ते त्याला सापडलं नव्हतं.

रविवारी पहाटे त्यानं स्कूटर काढली. निशिगंधा भावाच्या गाडीनं परस्पर जाणार होती. पंचगंगेच्या पुलावर धुकं इतकं दाट होतं, की स्कूटर आपण चालवतोय की धुक्यातून कुणी ओढून नेतंय, हे कळत नव्हतं. रुकडीच्या पुढं उसाचा वास संपला आणि कोरड्या गवताचा सुरू झाला. माळावर पोचला तेव्हा पूर्वेला नुसती एक फिकट रेघ उमटली होती. खडी फोडायच्या यंत्राच्या डावीकडं एक लिंबाचं झाड होतं. त्याच्याखाली स्कूटर लावून तो पायवाटेनं आत शिरला.

दोन शाळवाची रानं अंगाला अंग लावून उभी होती. मधे एक बांध, जेमतेम वीतभर रुंद, आणि बांधावर एक खुरटी बाभळ. धैर्यशीलनं बांधाच्या तोंडाला तिकाटणं उभं केलं, त्यावर कॅमेरा बसवला, फोन गप्प करून पिशवीच्या तळाशी टाकला आणि अंगावर हिरवं कापड ओढून बसला. शाळवाच्या कणसांवर दव होतं. एकेका कणसावर एकेक पहाट वेगळी होत होती.

मग सूर्य वर आला आणि पाखरं आली.

आधी नुसता आवाज आला, रेशमी साडीची घडी मोडावी तसा. मग कुणीतरी परातभर हळद वाऱ्यावर उधळावी तसा पिवळा थवा उजवीकडच्या रानावर आला, एकदा वळला, उन्हात चमकला आणि कणसांवर उतरला. धैर्यशीलनं डोळा भिंगाला लावला. काळं डोकं, काळं डोकं, काळं डोकं... आणि त्यांच्यात एक विटकरी, सोनेरी, जणू तापलेल्या वाळूचाच रंग...

"हुर्रर्रर्रऽऽ!"

गोफणीचा दगड सणसणत गेला. सगळी हळद उठली आणि बांधावरून डावीकडच्या रानात पडली.

धैर्यशीलनं भिंग हळूच डावीकडं वळवलं. काळं डोकं, काळं डोकं...

"हाऽ हाऽ हाऽ!" आणि पत्र्याचा डबा ढणढण वाजला. हळद पुन्हा उजवीकडं.

असं सहा वेळा झालं. थवा इकडून तिकडं आणि तिकडून इकडं, कुणी पिवळा पाळणा हलवावा तसा हेलकावत होता. बघायला ते इतकं सुंदर होतं, की धैर्यशीलला पहिले चार हेलकावे रागही आला नाही. पाचव्याला त्यानं चाळीस फोटो काढले. चाळीसही फोटोंत फक्त शेपट्या होत्या.

"कोन हाय रं त्यो, कापडाखाली?"

एक म्हातारी समोर उभी होती. सत्तरीला टेकलेली, काटक, हातात गोफण आणि गोफणीत दगड. धैर्यशील घाईनं कापडाबाहेर आला. म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं, मग तीन पायांवर उभ्या यंत्राकडं पाहिलं, मग यंत्राचं तोंड बरोबर बांधाच्या रेषेत आहे हे पाहिलं. तिनं दगड टाकून दिला आणि पदर डोक्यावर घेतला.

"आलासा व्हय? आवं, आल्यावर हाक मारायची तर, सायेब. मी धोंडुबाई. माजाच अर्ज हाय."

"कसला अर्ज?"

"बांधाच्या मोजनीचा."

"नाही नाही, मावशी. मी पाखरांचे फोटो काढायला आलोय."

"व्हय की," धोंडुबाई आवाज खाली आणून म्हणाली आणि डावीकडच्या रानाकडं डोळ्यानं खूण केली. "आसंच सांगायचं. न्हायतर पलीकडची मान्सं सावध हुत्यात."

"अहो, खरंच पाखरं."

"मी कवा न्हाय म्हंटलं? पाखरंच. बसा, न्ह्यारी आनती."

धैर्यशीलनं तोंड उघडलं, तेवढ्यात धोंडुबाईनं बांधाकडं बोट केलं आणि बोलायला सुरुवात केली. डावीकडचं रान तिच्या धाकट्या दिराचं, बाळासोचं. वाटणी झाली तेव्हा बांध चार फूट होता. बाळासो दर वर्षी नांगरताना बांध कोरतो. नवरा होता तवर दोघं भाऊ दारात बसून एकमेकांशी भांडायचे तरी; नवरा गेला आणि तेही थांबलं. अकरा वर्षं दिराशी बोलणं नाही. आणि एवढंही पुरेसं नाही म्हणून तो मेला बाळासो सकाळी उठून पत्र्याचा डबा बडवतो आणि आपली पाखरं माझ्या रानात घालतो.

धैर्यशील ऐकत होता. समोर कुणीतरी तक्रार करतंय, आपण ऐकतोय, अशी अठरा वर्षांची सवय. धोंडुबाई थांबली तेव्हा त्याच्या तोंडातून ते आपोआप बाहेर पडलं.

"तुमचं म्हणणं लक्षात आलं."

धोंडुबाईचे डोळे भरून आले. अकरा वर्षांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं. त्या आवाजात, त्या शब्दांत सरकारच बोलत होतं.

"नोंद झाली," धैर्यशीलनं घाबरून पुढचं वाक्य म्हटलं, आणि मग त्याला माघार घेता येईना.

ती धावत पाखरं राखायच्या मचाणाकडं गेली. भाकरी, वांग्याचं भरीत, दह्याची वाटी आणि मुठीएवढा कांदा घेऊन आली. धैर्यशीलनं दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा तो जेवायला बसला, कारण जेवल्याशिवाय ती हलणार नव्हती आणि ती हलल्याशिवाय पाखरं येणार नव्हती.

शेवटचा घास तोंडात असतानाच बांधाच्या पलीकडून शाळू सळसळला आणि एक माणूस बाहेर आला. पांढऱ्या मिश्या, डोक्याला टॉवेल, हातात तेलाचा रिकामा डबा. त्यानं तिकाटणं पाहिलं, धैर्यशीलच्या हातातली भाकरी पाहिली आणि डबा खाली आपटला.

"ह्ये बरं हाय! मोजनी सुरू हुयाच्या आदीच सायेब तिच्या ताटात?"

"तुम्ही बाळासो का?"

"नावबी सांगून झालंय म्हना की!" बाळासो म्हणाला. तो धोंडुबाईकडं अजिबात बघत नव्हता. जणू ती शाळवाचं एक धाट होती. "सायेब, तिच्या घरचं खाल्लंय न्हवं, मग आता माज्या घरचं खायाचं. न्हायतर ही मोजनी मी मानत न्हाय."

"पाटील, मी मोजणीचा नाही. पाखरांचे फोटो..."

"ह्ये तिनंच शिकीवलं का बोलायला?"

धैर्यशीलला बाळासोच्या मचाणावर जावं लागलं. तिथं धपाटी होती, लोणी होतं आणि भाजलेल्या हुरड्याचा ढीग होता. बाळासोनं गोष्ट उलट्या बाजूनं सांगितली. बांध चार फूट होता हे खरं, पण तो कोरला वहिनीनं. बांधावरची बाभळ थोरल्या भावानं लावली होती, दोघांच्या सावलीसाठी. आणि रोज उजाडायला गोफण घेऊन ती आपली सगळी पाखरं ह्या रानात हाकलते. "मान्सानं मान्साच्या अंगावर पाखरं घालावीत व्हय, सायेब? तुमीच सांगा."

"तुमचं म्हणणं लक्षात आलं," धैर्यशील धपाट्याचा घास गिळत म्हणाला.

बाळासोनं त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

ऊन आता चांगलं वर आलं होतं. दोन न्याहाऱ्यांनी धैर्यशीलच्या डोळ्यांवर झापड येत होती. किती वाजले, हे बघायला फोन पिशवीत होता आणि पिशवी बांधावर. एक मन सांगत होतं, ऊठ, साडेनऊ. पण दुसरं मन म्हणत होतं, तो इथंच कुठंतरी आहे. विटकरी डोक्याचा, वाळवंटातून आलेला. आज दिसला नाही तर थोड्याच दिवसांत तो परत निघून जाईल आणि आपण खिडकीत.

आणि तेव्हा धैर्यशीलनं आयुष्यातलं पहिलं धाडस केलं. तो खोटं बोलला.

तो बांधावर आला, कॅमेऱ्यामागं उभा राहिला आणि दोन्हीकडं बघून जरा सरकारी आवाजात म्हणाला, "दोघांनीही ऐका. ह्या यंत्राला आवाज चालत नाही. दहा मिनिटं गोफण नको, डबा नको, बोलणं नको. काटा हलतो."

"मी गप बसती," धोंडुबाई म्हणाली. "पर त्येला सांगा."

"सायेब, तिला सांगा, आदी तिनं गोफन खाली ठिवावी," बाळासो म्हणाला.

"त्येला म्हनावं, डबा लांब ठेव. हाताशी आसला की वाजीवल्याबिगर ऱ्हावत न्हाय त्येला."

"तिला म्हनावं..."

"दोघांनी एकदम," धैर्यशील म्हणाला. "मी तीन म्हणतो."

तीन म्हटल्यावर गोफण आणि डबा एकदमच बांधावर आले. धोंडुबाई तिच्या बाजूला बसली, बाळासो त्याच्या. मधे धैर्यशील आणि यंत्र.

शांतता पडली. आधी ती नुसती गप्पपणाची होती, दोन माणसं दात ओठ खाऊन गप्प बसल्यासारखी. मग हळूहळू ती माळाची झाली. वारा शाळवातून चालत गेला. लांब खडीचं यंत्र रविवारमुळं बंद होतं. कुठंतरी पारव्यासारखा एक होला घुमत होता. आभाळ इतकं स्वच्छ होतं, की त्यात काहीतरी उमटायचं बाकी आहे असं वाटावं.

आणि पाखरं आली. ह्या वेळी ती उजवीकडं नाही आणि डावीकडंही नाही, दोन्ही रानांवर एकदम उतरली. बांध दिसेनासा झाला. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पिवळं शेत, हलणारं, श्वास घेणारं. एक पाखरू धोंडुबाईच्या पायापासून हातभर अंतरावर उतरलं. तिनं आपसूक हात उचलला, आणि तो तसाच हवेत राहिला. सत्तर वर्षांत तिनं ही पाखरं नेहमी उडतानाच पाहिली होती. बसलेलं पाखरू एवढं देखणं असतं, हे तिला माहीत नव्हतं.

मग तो आला. बाभळीच्या अगदी शेंड्यावर, एकटा. डोकं आणि छाती जुन्या तांब्यासारखी, पोट लिंबासारखं पिवळं. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मान वर केली.

आणि तो गायला.

फार लांब नव्हतं ते गाणं. वाळूवरून वारा जावा, मग दोन घुंगरं वाजावीत, मग पुन्हा वारा. तो थांबला आणि पुन्हा तेच गायला. जायचे दिवस जवळ आले होते. कदाचित घराची तालीम करत असेल. धैर्यशीलला वाटलं, हा माळ आता सरकत चाललाय. ही बाभळ वाळवंटात उभी आहे, आपण वाळूत बसलोय, आणि जगात कुठंही, कुणाचीही, कसलीही तक्रार नाही.

"अवो! अवो, कुठं मेलाय?"

हिरव्याजर्द पैठणीत, केसांत मोगरा, हातात चपला घेऊन निशिगंधा शाळवातून धावत येत होती. तिच्यामागं विश्वजित. लिंबाखालची स्कूटर त्यांना सापडली होती.

सगळं पिवळं शेत एका झटक्यात आभाळात गेलं. बाभळीचा शेंडा नुसता हलत राहिला.

"एकवीस वेळा फोन केला!" निशिगंधा बांधावर पोचली. "नवरदेवाकडची माणसं येऊन चा पिऊन बसल्यात. अंगठी ताटात हाय. आनी तुम्ही हितं..." ती थांबली. धैर्यशील तिच्याकडं पाहून हसत होता. इतकं भाबडं, इतकं भरलेलं हसणं तिनं लग्नातही पाहिलं नव्हतं.

"तो गायला, निशी," धैर्यशील म्हणाला.

"कोन गायला?"

"सायेब," बाळासो खाकरला. "काटा थांबला न्हवं? मग सांगा. हद्द कुठनं निघाली?"

"व्हय, सांगा," धोंडुबाई म्हणाली.

धैर्यशीलनं कॅमेऱ्याकडं पाहिलं. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. त्यानं पडद्यावर बोट फिरवलं. शेपट्या होत्या. चाळीस शेपट्या. त्यानंतर काहीही नव्हतं. ती दहा मिनिटं तो नुसता बघत राहिला होता. बटण दाबायचं राहून गेलं होतं.

"मावशी, पाटील," तो म्हणाला, "मला माफ करा. मी मोजणीचा माणूस नाही. पहिल्यापासून सांगत होतो. मी पाखराचा फोटो काढायला आलो होतो. आणि तोही काढायचा विसरलो."

मग धोंडुबाई उठली.

"मंग धा मिंटं आमास्नी मुकं का बशिवलंस रं, बाबा?"

"आन माजी धपाटी?" बाळासो म्हणाला. "सा धपाटी खाल्ली ह्येनं!"

"धपाटी?" धोंडुबाई गर्रकन वळली. "तुमी धपाटी घातली? माजी दीड भाकरी खाल्लीया ह्येनं, भरताबरूबर. वर दही."

"दहीबी? वैनी, मी लोनी दिलं की वं!"

"म्हंजी दोनदा जेवला."

"दोनदा. आन हुरडा येगळा."

"आन तुमालाबी म्हनला का, 'लक्षात आलं' म्हनून?"

"आसा म्हनला, की मी हातच धरला त्येचा, वैनी!"

"मलाबी तसंच, भावजी. माज्या तर डोळ्याला पानी आलं."

विश्वजित एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होता. त्याला कुठं माहीत असणार, की हे दोघं अकरा वर्षांनी बोलत होते! त्यांनाही ते कळलं नव्हतं. दोघं खांद्याला खांदा लावून धैर्यशीलसमोर उभे होते, आणि एकाचं वाक्य संपलं की दुसरा पुढचं उचलत होता. खोटारडा, भामटा, फुकटखाऊ असे शब्द दोन्ही बाजूंनी सारख्या वेगानं येऊ लागले. धोंडुबाईनं गोफण उचलली आणि दगडासाठी हात पुढं केला. बाळासोनं दगड शोधून दिला.

तेव्हा निशिगंधा मधे आली. चपला खाली टाकून तिनं पैठणीचा पदर खोचला.

"ओ मावशी! नवरा हाय त्यो माझा. त्येला बोलायचं आसंल तर मी हाय. सकाळपासनं मी तेवढ्यासाठीच तयार झालोय. आनी खाल्लं आसंल त्येनं, तर तुम्ही घातलं म्हणून खाल्लं. ह्या माणसाला घरी दुसरी भाकरी घ्यायला मला तीनदा म्हणावं लागतंय. ह्यो कुणाला फसवणार?"

धोंडुबाईनं धैर्यशीलकडं नीट निरखून पाहिलं. मग गोफण खाली केली.

"ह्ये मातूर खरं हाय," ती म्हणाली. "मीबी तीनदाच म्हंटलं."

कबनूरला साखरपुडा साडेअकराला झाला. धैर्यशीलनं गाडीतच सदरा बदलला, पण केसांत शाळवाची कुसळं तशीच राहिली. नवऱ्या मुलाच्या आत्यानं, "फोटोग्राफर रानातनं उपटून आनलाय काय?" असं मोठ्यानं विचारलं. विश्वजितनं खोकल्याचा आव आणला. फोटो मात्र बरे आले. अनुजा अंगठीकडं बघत होती ते तर फारच चांगले. धैर्यशीलला कळलं, की माणसंही कधीकधी उडून न जाता बसून राहतात.

निशिगंधा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. सोमवारी बोलली नाही. मंगळवारी फक्त "मीठ घ्या" म्हणाली. गुरुवारी संध्याकाळी मात्र चहाचा कप त्याच्यासमोर ठेवून ती तिथंच बसली.

"गायला म्हंजे कसं गायला?"

धैर्यशीलनं ओठांचा चंबू करून शीळ घालायचा प्रयत्न केला. वाळू जमली, घुंगरं जमली नाहीत. निशिगंधानं ते दोनदा ऐकलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी आलो आनी उडालं, व्हय?"

"तुझ्यामुळं नाही. ते उडणारच होतं."

"ह्या रविवारी मीबी येणार. पैठणी न्हाय नेसत. गप बसतो."

रविवारी दोघं स्कूटरवरून निघाली. धुकं होतंच. पुलावर निशिगंधा म्हणाली, "लई दिवसांनी असं कुठं चाललोय बघा." लिंबाखाली स्कूटर लावून ती हळूहळू, पाय न वाजवता बांधाकडं गेली. उगाच दगड नकोत म्हणून धैर्यशीलनं जरा लांबूनच डोकावून पाहिलं.

माळ विलक्षण शांत होता. दोन्ही रानांतली दोन्ही मचाणं नाहीशी झाली होती. त्यांच्या जागी बांधावर, बाभळीच्या सावलीत, एकच मोठं मचाण उभं होतं. त्यावर धोंडुबाई आणि बाळासो पाठीला पाठ लावून बसले होते. ती पूर्वेला बघत होती, तो पश्चिमेला. मधे भाकरीचं फडकं, गोफण आणि डबा.

"आलं बघा आमचं सायेब!" बाळासो ओरडला. "या, वर या. ह्या बारीला न्ह्यारी एकाच ताटात."

"बांधाचं काय झालं, पाटील?" धैर्यशीलनं भीत भीत विचारलं.

"काय हुयाचंय? वैनीनं अर्ज मागं घेतला. आता मचान ह्येच्यावरच हाय. आमी दोघंबी आमचं आमचं रान जरा जरा सोडून बांध रुंद केला. न्हायतर मचान मावंना."

"आणि पाखरं?"

धोंडुबाईचा चेहरा अभिमानानं उजळला. तिनं दोन्ही हात पसरून आभाळ दाखवलं. आभाळ स्वच्छ, निळं आणि पूर्ण रिकामं होतं.

"एक बी न्हाय! भावजींनी तिकडनं हानलं, मी हिकडनं, एकाच येळंला. मदी टेकायला जागाच न्हाय त्यास्नी. मंगळवारी जी गेली ती गेली. चार गावं पलीकडं गेली म्हनत्यात, कुठं ते कुनाला ठावं न्हाय." ती मचाणाच्या फळीवर सरकली आणि धैर्यशीलला जागा करून दिली. "बसा, सायेब. तुमास्नी शांतता पायजे हुती न्हवं? आता दिसभर शांतता हाय. कुनी डबा वाजवत न्हाय, कुनी गोफन मारत न्हाय. काढा आता किती फोटू काढायचं ते."

धैर्यशील बसला. भाकरी हातात आली, ती त्यानं घेतली. बाळासोनं वहिनीला कांदा फोडून दिला, वहिनीनं त्याच्या भाकरीवर चटणी वाढली. वारा शाळवातून चालत गेला आणि कुठंच न थांबता पुढं निघून गेला. बाभळीचा शेंडा रिकामा होता.

निशिगंधा बराच वेळ त्या शेंड्याकडं बघत होती. मग ती नवऱ्याच्या कानाशी झुकली आणि म्हाताऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "अवो, ह्या दोघांचं परत कवा वाजंल ओ?"